चोचीत काय आहे? परसातली घरटी पाहायची रीत

गावाकडच्या घराभोवती घरटं शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा झुडपं चाळतो, फांद्या वाकवून पाहतो आणि हात हलवत परततो. सापडलंच तरी दोन दिवसांत ते कावळ्याच्या किंवा मांजराच्या तोंडी जातं, कारण वाट त्यानेच दाखवलेली असते. खरी रीत उलटी आहे. घरटं शोधू नका, पक्ष्याची चोच पाहा. चोचीत काडी आहे, अळी आहे की काहीच नाही, एवढं तीन-चार सकाळी नीट पाहिलं तर घरटं कुठे आहे, कोणत्या टप्प्यावर आहे आणि पिल्लं साधारण कधी उडतील, हे झुडपाला हात न लावता सांगता येतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या खेड्यातलं घर समोर ठेवून लिहिला आहे: ओसरी, परसू, गोठा, विहीर, शेताचा बांध आणि एखादं उंबराचं किंवा चिंचेचं झाड. कोकणातला आणि घाटावरचा फरक जिथे पडतो तिथे तो सांगितला आहे.

बैठक

एक जागा ठरवा आणि ती बदलू नका. ओसरीचा कोपरा, गोठ्याच्या दाराशी टाकलेली बाज, माडीची खिडकी, काहीही चालेल. पाठीमागे भिंत असावी, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उठून दिसत नाही. सकाळी ऊन पाठीकडून यावं. घरच्यांच्या येण्या-जाण्याला पक्षी सरावलेले असतात, म्हणून नेहमीच्या जागी बसलेल्या माणसाची ते फारशी दखल घेत नाहीत. तोच माणूस झुडपाआड लपून बसला की मात्र संशय घेतात. लपून बसायची हौस परसात कामाची नाही.

सूर्योदयानंतरचे दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास हा कामाचा वेळ. उन्हाळ्यात अकरानंतर फार काही घडत नाही. एका बैठकीला किमान 30 मिनिटं द्या. पहिली दहा मिनिटं पक्षी तुम्हाला जोखण्यात घालवतात, ती मोजणीत धरू नका.

दुर्बीण घ्यायची तर 8×42 किंवा हलकी 8×30 घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची दुर्बीण हातात जास्त थरथरते आणि तिच्यातून दिसणारा भागही अरुंद असतो. शिंप्यासारखा चपळ पक्षी तीत पकडता पकडता निघून जातो. दोन मीटरच्या आसपासचंही स्पष्ट दिसतं का, हे दुकानातच तपासा. घराजवळच्या निरीक्षणाला ते लागतं. दुर्बीण नसेल तरी अडत नाही. वही-पेन्सिल नसेल तर मात्र अडतं.

चोच वाचणे

चोचीत काडी, गवताचं पातं, कापूस, केस किंवा कोळ्याचं जाळं असेल तर बांधकाम चालू आहे. पक्षी जाताना कुठे जातो त्यापेक्षा रिकाम्या चोचीने कुठून बाहेर पडतो ते पाहा. सामान घेऊन जाताना तो आडवळणाने, दोन-तीन जागी थांबत जातो. परतताना घाई असते म्हणून सरळ उडतो. ती सरळ रेषा मागे नेली की घरट्याची जागा हाताभराच्या फरकाने कळते.

मग तीन-चार दिवस सगळं शांत होतं. घरटं सोडलं की काय असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. लहान पक्षी रोज सकाळी एक याप्रमाणे अंडी घालतात आणि शेवटचं अंडं घालेपर्यंत नीट उबवायला बसत नाहीत. त्यामुळेच पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. नवखा माणूस नेमका याच काळात ‘रिकामं दिसतंय’ म्हणून फांदी वाकवून पाहतो आणि घात करतो.

उबवणीच्या काळात पक्षी रिकाम्या चोचीने, आवाज न करता ये-जा करतो. मादी दहा-पंधरा मिनिटं खायला बाहेर पडते, पंख फडफडवते, चोच पुसते, पुन्हा गुप्त होते. अशा दोन फेऱ्यांच्या वेळा टिपल्या की उबवणी चालू आहे हे पक्कं.

चोचीत अळी, नाकतोडा किंवा कोळी धरून पक्षी तो न गिळता उडाला, की पिल्लं फुटली. ही तारीख वहीत ठळक लिहा, पुढचा सगळा हिशोब तिच्यावर चालतो. आणखी दोन-तीन दिवसांनी घरट्यातून बाहेर पडताना चोचीत पांढरी, चिकट गोळी दिसेल. ती पिल्लांची विष्ठा. निसर्गाने तिला पातळ पिशवी दिली आहे, आई-बाप ती उचलून लांब टाकतात. घरट्याखाली पांढरे डाग पडले तर शिकाऱ्याला पत्ता मिळेल, म्हणून ही खबरदारी. होल्याच्या घरट्यात असली टापटीप नसते. काठावर विष्ठा साचते आणि तिच्यावरूनच ते ओळखू येतं.

किती जवळ जायचं

बुलबुल, शिंपी, दयाळ, शिंजीर यांच्या घरट्यापासून आठ-दहा मीटर ठीक. टिटवीपासून तीस-चाळीस मीटर. पण आकड्यापेक्षा पक्ष्याचं वागणं प्रमाण माना. चोचीत खाणं धरून पक्षी तारेवर बसला आहे, शेपूट झटकतोय, ओरडतोय, पण घरट्यात जात नाही, असं पाच मिनिटं चाललं तर तुम्ही जास्त जवळ आहात. उठा आणि मागे सरका. भर उन्हात आई वीस मिनिटं दूर राहिली तर उघड्या घरट्यातली पिल्लं तापून मरू शकतात.

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, हा समज खरा नाही. बहुतेक पक्ष्यांचं वासाकडे तेवढं लक्ष नसतं. धोका वेगळा आहे. तुमच्या पायांनी गवतात वाट पडते आणि त्या वाटेने मुंगूस, मांजर येतं. कावळा तर तुमच्या नजरेवरच नजर ठेवून असतो. म्हणून घरट्याजवळून जावंच लागलं तर तिथे थांबून मागे फिरू नका; न थांबता पुढे चालत जा, पुढच्या दोन झुडपांपाशी उगाच थांबा आणि दुसऱ्या वाटेने परत या. कावळा आसपास असेल तर त्या दिवशी तिकडे जाऊच नका.

पिल्लं फुटून आठ-नऊ दिवस झाले की घरट्याच्या जवळपासही फिरकू नये. या वयाची पिल्लं दचकली की सगळी एकदम बाहेर उड्या घेतात. परत घरट्यात ठेवली तरी ठरत नाहीत. उडता न येणारी पिल्लं जमिनीवर रात्र काढतात आणि सकाळपर्यंत क्वचितच उरतात. मोबाइल घरट्यात घालून काढलेल्या फोटोंची किंमत पुष्कळदा ही असते. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावणंही टाळा; नर प्रतिस्पर्ध्याच्या शोधात भटकत राहतो आणि राखण राहून जाते.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी-घरटी विस्कटणं धरलेलं आहे.

कोण कधी

माघ-फाल्गुनात तांबट ‘टुक्-टुक्’ करत वाळक्या फांदीला भोक पाडू लागतो. शेवग्याचं मऊ लाकूड त्याला आवडतं. वाळकी फांदी छपरावर पडण्यासारखी नसेल तर तोडू नका, तीत पुढच्या वर्षीही कुणीतरी राहील. पळस, पांगारा, काटेसावर फुलले की मैना, शिंजीर, कोतवाल, बुलबुल तिथे हजेरी लावतात आणि घरट्यांच्या हंगामाआधी सगळ्यांची ओळख एकाच झाडावर होते. मार्चपासून दयाळ पहाटे तारेवर किंवा अँटेनावर बसून गातो. मार्च ते जून हा दयाळ, चीरक, बुलबुल, साळुंकी, वेडा राघू, खंड्या यांचा मुख्य काळ. वेडा राघू आणि खंड्या मातीच्या उभ्या कडेला बीळ करतात. बांधाची किंवा न बांधलेल्या विहिरीची कड उन्हाळ्यात तासायची असेल तर आधी गोल भोकं आहेत का पाहा.

वैशाखात कोकीळ बेभान होतो. गातो तो नर, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मराठी कवितेत गाणं कोकिळेच्या नावावर जमा असलं तरी ठिपकेदार मादी फक्त ‘किक्-किक्-किक्’ करते. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, त्यामुळे कावळ्याचं घरटं घरातून दिसत असेल तर तीच तुमची उत्तम बैठक. रोहिणी लागल्या की पावशा ‘पेरते व्हा’ सुरू करतो. त्याचं पिल्लू सातभाईंच्या घरट्यात वाढतं. मृगाच्या सुमारास सुगरणी विणायला लागतात. चिमणी आणि होला यांना ठरावीक हंगाम असा नाही, जवळजवळ वर्षभर चालू.

शिंपी

परसातलं सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात न दिसणारं घरटं याचं. हिरवट पाठ, डोक्यावर तांबूस टोपी, उभी शेपूट आणि मुठीएवढ्या देहाला न शोभणारा ‘टुविट्-टुविट्’ असा खणखणीत आवाज. जास्वंद, लिंबू, पेरू, अंजीर, वांगं अशा रुंद पानांच्या झाडांवर कंबरेइतक्या उंचीला पाहा. एक मोठं पान गुंडाळून किंवा दोन-तीन पानं जवळ आणून शिवलेली असतात. चोचीने भोक पाडून कापसाचा किंवा जाळ्याचा धागा ओढतात. गाठ मारत नाहीत, भोकाबाहेर धाग्याचं टोक पिंजून फुगतं आणि तेच धरून ठेवतं. पानं जिवंत असल्यामुळे हिरवीच राहतात, म्हणून घरटं दिसत नाही.

अंडी तीन-चार, उबवणी सुमारे 12 दिवस, पुढे पिल्लं 14 दिवसांत बाहेर. वांग्याच्या वाफ्यात घरटं असेल तर त्या झाडाच्या आसपासची दोन-तीन झाडं सुमारे चार आठवडे तोडणी आणि फवारणीतून वगळा. पान खाली झुकलं, टाका सुटला तर सुई-दोरा घेऊन धावू नका. दुरून सुतळीने फांदीला आधार देता आला तर तेवढंच करा.

बुलबुल

हा धीट. ओसरीच्या वेलीत, टांगलेल्या कुंडीत, विजेच्या वायरीच्या गुंडाळीत, कधी दिव्याच्या शेडवरही वाटी बांधतो. दोन-तीन गुलाबीसर अंडी, त्यांवर तांबडे ठिपके. 12 ते 14 दिवस उबवणी, मग साधारण 12 दिवस पिल्लं. म्हणजे वाटी पूर्ण झाल्यापासून महिनाभरात सगळं आटोपतं. ओसरीतला दिवा तेवढा महिना रात्री लावू नका. उजेडाला किडे येतात, किड्यांना पाली, आणि मांजरालाही सोपं जातं. वेलीला पाणी मुळाशी घाला, वरून फवारा नको.

बुलबुलाची बरीच घरटी फसतात, हे आधीच मनाशी धरा. सरडा, भारद्वाज, कावळा, साप, मांजर, सगळ्यांना त्याची उघडी वाटी सापडते. फसल्यावर तीच जोडी थोड्याच दिवसांत दुसरीकडे बांधायला घेते, म्हणून एका घरट्यासाठी धामणीला काठी मारण्यात शहाणपण नाही. ती धामण वर्षभर तुमच्या कणगीतले उंदीर खाते.

आरशावर किंवा काचेवर चोच मारत बसणारा बुलबुल किंवा शिंजीर वेडा झालेला नसतो. स्वतःचं प्रतिबिंब त्याला घुसखोर वाटतं. मोटारसायकलच्या आरशांवर कापडी पिशवी चढवा, खिडकीच्या काचेला बाहेरून कागद लावा. हंगाम सरला की तो विसरतो.

शिंजिराचं घरटं वेगळं: फांदीच्या टोकाला किंवा जुन्या तारेला लोंबणारी वीतभर थैली, बाहेरून सालींचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, वाळकी पानं जाळ्याने चिकटवलेली. कचरा अडकलाय असं समजून केरसुणीने झटकला जातो तो पुष्कळदा हाच. बाजूला भोक आणि वर छोटीशी पडवी दिसली तर केरसुणी खाली ठेवा.

चिमणी आणि तिची पेटी

कौलारू घरात चिमणीला वळचण, वाशांच्या खोबणी, तसबिरीमागची जागा होती. सिमेंटच्या सपाट भिंतीत बोट जाईल एवढीही फट नाही. दाणे टाकूनही चिमण्या राहत नाहीत याचं एक मोठं कारण हे. दुसरं पुढे येईल. पेटी लावायची तर मापं अशी:

तळ आतून 13×13 सेंटिमीटर, उंची 22 ते 25 सेंटिमीटर, फळी 12 ते 18 मिलिमीटर जाड. पत्रा किंवा प्लास्टिक नको, एप्रिलच्या उन्हात आत भट्टी होते. भोक 32 मिलिमीटर व्यासाचं, तळापासून सुमारे 15 सेंटिमीटर वर. चाळीसच्या पुढे गेलात की इतर पक्षी आत डोकावू लागतात, पन्नासच्या पुढे साळुंकी पेटी बळकावते. तळाला चार कोपऱ्यांत 5 मिलिमीटरची भोकं पाण्यासाठी, वरच्या कडेखाली दोन भोकं हवेसाठी. छप्पर उतरतं आणि पुढे 5 सेंटिमीटर आलेलं. एक बाजू स्क्रूवर उघडणारी ठेवा, नाहीतर साफ करता येत नाही. आतून रंग-वॉर्निश नको, फळी खडबडीतच हवी. पिल्लांना चढून भोकापर्यंत यायला पकड लागते.

भोकाखाली बसायची दांडी लावू नका. बाजारातल्या पेट्यांना ती हमखास असते. चिमणीला तिची गरज नसते; कावळ्याला आणि साळुंकीला मात्र उभं राहून आत चोच घालायला ती आयती सोय होते.

पेटी अडीच-तीन मीटर उंचीवर, भिंतीला घट्ट. झुलती पेटी सहसा रिकामी राहते. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. कोकणात नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस सरळ आत जातो. चिमण्या शेजाराने राहतात, म्हणून मीटरभर अंतराने दोन-तीन पेट्या चालतात. डिसेंबर-जानेवारीत लावा. पहिल्या हंगामात कुणी फिरकलं नाही तर जागा लगेच बदलू नका, एक पूर्ण वर्ष द्या. ज्या खोलीत छताचा पंखा फिरतो तिथे पेटी किंवा तसबिरीमागचं घरटं म्हणजे सापळा. तिथली फट जानेवारीतच बुजवा आणि पेटी बाहेर लावा. पेटीत काड्या, कापूस भरून ठेवू नका, ते काम जोडीचं आहे.

दयाळाला हीच पेटी मोठी करून लागते: तळ 15×15, उंची 28-30, भोक 50 मिलिमीटर. साळुंकीचा ओढा जास्त असेल तर तिच्यासाठी वेगळी, आणखी मोठी पेटी गोठ्याच्या टोकाला लावून द्यावी, म्हणजे भांडण कमी होतं. थांबत मात्र नाही.

सुगरण

विहिरीवर झुकलेली बाभूळ किंवा शिंदीचं झाड असेल तर जूनपासून तिथेच बैठक टाका. विणतो तो नर, पिवळ्या डोक्याचा. भाताचं, गवताचं किंवा शिंदीचं पातं कडेला चावा घेऊन तो लांबच लांब पट्टी फाडतो. आधी फांदीला वेढे, मग कडी, मग उलट्या टोपीसारखा अर्धा खोपा. या टप्प्यावर मादी येऊन आत बसून पाहते. तिला पसंत पडला तरच तो अंड्यांची खोली आणि लांब नळी पुरी करतो. खाली लोंबणारे अर्धे खोपे ‘नराचे झोके’ आहेत अशी समजूत आहे. ते नाकारलेले खोपे. ही सगळी रीत पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला शिडीवर बसून टिपली, आणि एकच नर एकापाठोपाठ एक अनेक माद्यांशी संसार मांडतो हेही तिथेच पाहिलं.

करण्यासारखा अभ्यास हा: झाडाचं चित्र काढा, प्रत्येक खोप्याला आकडा द्या, दर चौथ्या दिवशी टप्पा लिहा: कडी, टोपी, खोली, नळी, सोडलेला. टोपीच्या आत मातीचे गोळे लावलेले दिसतील, तेही टिपा. खोपे झाडाच्या कोणत्या बाजूला जास्त आहेत ते होकायंत्राने पाहा. पावसाच्या माऱ्यापासून आडोसा म्हणून पूर्वेकडची बाजू भरलेली सापडेल. अंडी दोन ते चार, उबवते मादी एकटी, 14 ते 17 दिवस. शोभेसाठी खोपा तोडून आणायचा असेल तर दिवाळीनंतरही थांबा: रिकाम्या खोप्यात मुनिया राहायला येतात.

टिटवी

उघड्या रानात, खडे-ढेकळांत चार अंडी, ढेकळाच्याच रंगाची. घरटं असं नसतंच. उबवणी लांबलचक, 28 ते 30 दिवस. भर दुपारी टिटवी पोट भिजवून येते आणि अंडी गार करते. बांधावर पाणी असेल तर हे नक्की पाहायला मिळतं. अंड्यांच्या संख्येवरून पावसाचे महिने सांगायची रीत आहे, पण टिटवी बहुधा चारच घालते, त्यामुळे भाकीत बरोबर यायला फारसं काही लागत नाही.

नांगरट किंवा पेरणी आली तर अंडी हलवू नका, पाच-दहा फूट सरकवली तरी ती सापडत नाहीत किंवा स्वीकारली जात नाहीत. अंड्यांपासून दोन मीटरवर चार बाजूंना चार मोठे दगड ठेवा आणि ट्रॅक्टरवाल्याला आधी सांगून ठेवा. काठीला लाल फडकं बांधू नका, कावळ्याला आणि कुत्र्याला तेच बोलावतं. पिल्लं फुटताच काही तासांत चालू लागतात आणि आईने इशारा दिला की जागच्या जागी दबतात. अशा वेळी पाऊल टाकणंच थांबवावं.

पाणी, दाणे आणि घरट्याचं सामान

मातीचं पसरट भांडं, सव्वा-दीड फूट रुंद, पाणी बोटाच्या दोन पेरांएवढं. खोल बादलीत पिल्लं बुडतात. बादली, हौद उघडा असेल तर त्यात तिरकी फळी टाकून ठेवा. भांडं झुडपापासून दोन-तीन मीटर लांब, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही आणि पक्ष्याला पळायला आडोसाही मिळतो. रोज काथ्याने घासून पाणी बदला. शेवाळलेल्या भांड्यातून आजार पसरतो आणि पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर डास होतात.

दाण्यांत तांदळाची कणी, बाजरी, ज्वारी, राळे. ओसरीला ज्वारीची कणसं किंवा भाताच्या लोंब्या बांधण्याची जुनी पद्धत सगळ्यात चांगली, दाणे ओले होत नाहीत. फरसाण, खारवलेलं, शिळा पाव, दूध नको. पेरून उरलेलं रंगीत बियाणं तर चुकूनही टाकू नका. तो रंग बीजप्रक्रियेच्या औषधाची खूण असतो.

आता ते दुसरं कारण. मोठी चिमणी दाणे खाते, पण पहिले काही दिवस पिल्लांना मऊ अळ्या आणि किडेच लागतात. परसात दर आठवड्याला फवारा मारून वर दाणे टाकले तर आई-बाप पोसतात आणि पिल्लं घरट्यात उपाशी मरतात. भाजीचा एखादा वाफा, मेथीची एखादी ओळ, उकिरड्याची एक कड फवाऱ्याविना सोडा. अळी चोचीत घेतलेली चिमणी तिथूनच उठताना दिसेल.

सामानासाठी एका जाळीच्या टोपलीत काथ्या, सुकं गवत, काटेसावरीचा कापूस, कोंबडीची पिसं ठेवा. नायलॉनची सुतळी, मांजा, प्लास्टिकच्या पोत्याचे धागे गोळा करून जाळा किंवा पुरा. हे धागे घरट्यात गेले की पिल्लाच्या पायाला गुंडाळतात, पाय सुजतो आणि वाढलेलं पिल्लू घरट्याला टांगून मरतं. चिखलाचं घरटं करणाऱ्या भिंगरीसाठी नळाखाली हातभर जागा ओली ठेवा, फेब्रुवारीनंतर तिला चिखल शोधत लांब जावं लागतं.

कुंपण छाटायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. मेंदी, करवंद, घाणेरी मार्च ते ऑगस्ट जशीच्या तशी राहू द्या. मोटारीच्या स्टार्टर पेटीत, विजेच्या मीटरमागे घरटं होतंच असेल तर जानेवारीतच त्या फटींना जाळी मारा. अंडी पडल्यावर जाळी मारणं म्हणजे आत गाडणं.

पेटी खांबावर असेल तर खांबाला पत्र्याचा उलटा शंकू, किमान दीड फूट व्यासाचा, छातीच्या उंचीवर बसवा. मांजर आणि खार अडते. तांबड्या मुंग्या एका रात्रीत पिल्लं संपवतात. त्यांच्यासाठी खांबाला शंकूच्या आत ग्रीसचा पट्टा ओढा. ग्रीस पक्ष्याच्या पंखांना लागेल अशा जागी नको.

खाली पडलेलं पिल्लू

आधी पिसं पाहा. उघडं-नागडं, डोळे मिटलेलं असेल आणि घरटं दिसत असेल तर उचलून परत ठेवा, आई घेते. घरटंच कोसळलं असेल तर तळाला भोकं असलेल्या करवंटीत किंवा बांबूच्या परडीत गवत घालून, त्याच झाडाला त्याच उंचीवर बांधा आणि तासभर दुरून पाहा.

अंगभर पिसं, आखूड शेपूट, उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही; शिकायला बाहेर आलंय. त्याला जवळच्या झुडपात उचलून ठेवा, मांजर-कुत्रं दोन-तीन दिवस बांधा, बाकी आई-बापांवर सोडा. चोच उघडून पाण्याचे थेंब टाकू नका, पाणी श्वासनळीत जातं. दूध-भातही नको. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

माळ्यावर वेगवेगळ्या उंचीची, फिसफिस करणारी पांढरी पिल्लं दिसली तर घाबरू नका, ती गव्हाणी घुबडाची. ते पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसतं, म्हणून पिल्लांत थोरली-धाकटी असतात. खाली पडलेल्या काळपट, केसाळ गोळ्या गोळा करून कोमट पाण्यात भिजवा आणि काडीने सोडवा. आत उंदरांच्या कवट्या निघतील. त्या मोजल्या की माळ्यावरच्या पाहुण्याचं भाडं कळतं.

वही

प्रत्येक घरट्याला एक पान. वर जात, झाड किंवा जागा, जमिनीपासून उंची. मग ओळीने तारीख, बैठकीची सुरुवात आणि शेवट, हवा, चोचीत काय, 30 मिनिटांत फेऱ्या किती. नमुन्यादाखल: ‘12 एप्रिल, 6:40 ते 7:10, निरभ्र, दयाळ, गोठ्याची भिंत, 8 फूट. मादी रिकामी 2 वेळा बाहेर. नर जवळ गात.’ काहीच दिसलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा, पान कोरं सोडू नका. कोऱ्या पानावरून तुम्ही बसला नव्हतात की पक्षी आला नव्हता हे नंतर कळत नाही. फेऱ्या अचानक निम्म्यावर आल्या तर एक पालक गेला असू शकतो. फेऱ्या थांबल्या आणि आदल्या दिवशी पिल्लांचं वय भरत आलेलं होतं, तर ती उडाली. घरटं शाबूत आणि कड चपटी झालेली असते. घरटं फाटलेलं, वाकडं लटकलेलं असेल तर शिकार झाली, तेही लिहा.

नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घालाव्यात, पण घुबड, शिक्रा, धनेश यांच्या घरट्याची नेमकी जागा आणि फोटो हंगाम संपेपर्यंत कुठेच टाकू नका, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही नाही.

हस्ताचा पाऊस ओसरला की पेट्या उघडा. चिमणी आत नाही याची दोन संध्याकाळी खात्री करा, नाकाला फडकं बांधा, जुनं गवत काढून पेटीवर उकळतं पाणी ओता आणि उन्हात दोन दिवस वाळू द्या. सुटलेला स्क्रू, रुंदावलेलं भोक तेव्हाच दुरुस्त होतं. खार भोक कुरतडते. 32 मिलिमीटरची लोखंडी वॉशर-पट्टी भोकाभोवती ठोकली की पुढची दोन-तीन वर्षं प्रश्न नाही.